एक सही चाहत्यासाठी, एक सही करारावर



एखादा तरुण खेळाडू, नट किंवा रील्समधून नावारूपाला आलेली मुलगी काही चुकीचं वागली, की आपल्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. 'लाखो मुलं यांना बघतात, यांना काही जबाबदारी आहे की नाही?' आज आपण एवढंच बघू या, की ही जबाबदारी नेमकी कशाची.

आधी हे नातं समजून घेऊ. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. टीव्हीवर रोज दिसणारा माणूस प्रेक्षकाला हळूहळू ओळखीचा, घरातला वाटू लागतो. त्या माणसाला मात्र हा प्रेक्षक कोण हे ठाऊकही नसतं. म्हणजे जवळीक आहे, पण एकतर्फी. आता तर तो माणूस हातातल्या मोबाईलमध्ये येऊन बसलाय. स्वतःच्या स्वयंपाकघरातून 'काय मंडळी, जेवलात का?' विचारतो. बारा वर्षांच्या मुलाला वाटतं, दादा मलाच विचारतोय. यात फसवणूक नाही. पण त्या मुलाचा विश्वास खरा असतो, हे विसरून चालणार नाही.

मग या दादाने काय करावं? प्रत्येक चाहत्याला ओळखावं? शक्य नाही. कधीच चुकू नये? विशीतल्या पोरांकडून ही अपेक्षा आपण आपल्या घरात तरी करतो का? ती जबाबदारी मी त्यांच्यावर टाकणार नाही.

पण एक जागा अशी आहे, जिथे निर्णय पूर्ण त्यांच्या हातात असतो. ती म्हणजे सही. चाहत्याच्या वहीवर करतात ती, आणि जाहिरातीच्या करारावर करतात ती. पहिल्या सहीमुळे दुसरीला भाव येतो. चाहत्यांचं प्रेम नसेल, तर कंपनी कशाला विचारेल?

१९९६चा विश्वचषक आठवा. स्पर्धेलाच एका सिगारेटचं नाव होतं. बावीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरने त्यात ५२३ धावा केल्या, स्पर्धेत सर्वाधिक, आणि त्याच्या बॅटवर स्टिकर नव्हता. तंबाखूची जाहिरात करणार नाही असा शब्द त्याने वडिलांना, कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना दिला होता. पुढे २००१ साली पुलेला गोपीचंदने ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि शीतपेयाची जाहिरात नाकारली. मी स्वतः जे पीत नाही ते मुलांना प्या कसं सांगू, एवढाच त्याचा हिशोब.

आता तुम्ही म्हणाल, सचिनने शीतपेयाच्या जाहिराती केल्याच की! केल्या. म्हणूनच ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली. रेषा कुठे ओढायची यावर दोघांचं मत वेगळं होतं. पण दोघांनीही रेषा ओढली, हे महत्त्वाचं.

रेषा न ओढल्याचं उदाहरणही ताजं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती आठवतात ना? लाडका चेहरा हसत 'खेळा' म्हणायचा आणि शेवटी कुणीतरी घाईघाईत वाचून टाकायचं, की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते. चेहरा लक्षात राहायचा, इशारा नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती बंद केल्या. त्याआधी, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तरतूद आहेच: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. मात्र सही करण्यापूर्वी त्याने दाव्याची नीट खातरजमा केली असेल, तर सूट. म्हणजे कायद्याचं मागणं फार नाही. 'विचारून घेतलं होतंस का?' एवढंच.

पण कायदा जिथे गप्प असतो तिथेही तो बारा वर्षांचा मुलगा बघतच असतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे: ही वस्तू मी माझ्या धाकट्या भावाला घ्यायला सांगेन का? उत्तर 'नाही' असेल, तर करारावर सही करू नये.

शेवटी एक गोष्ट आपल्या बाजूची. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळकरी मुलगी होती. पुढे गर्दीमुळे तिला रोज शाळेत जाणं अवघड झालं आणि दहावीची परीक्षा तिने बाहेरून दिली. ती गर्दी वाईट माणसांची नव्हती. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांचीच होती. इतक्या लहान वयात ताऱ्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नसते. आईवडिलांची, निर्मात्यांची, आणि हो, आपलीही असते.

तेव्हा त्यांच्याकडे मागायचं ते एवढंच: आमच्या मुलांचा विश्वास विकू नका. आणि आपण द्यायचं तेही एवढंच: त्यांना शाळेत जाऊ द्या.