ध्वनिफितीचे दशक

वास्को शहरातील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढावे, तर चपलांच्या रिकाम्या खोक्यांत रचून ठेवलेल्या ध्वनिफिती अद्यापही हाती लागतात. लोकव्यवहारात त्यांना कॅसेट म्हणतात, आणि येथेही तोच शब्द वापरणे सोयीचे होईल. त्यांच्या पाठीवरील कागदाची शाई आता फिकट झालेली असते. एकीवर ‘बोनी एम’, दुसरीवर ‘रेमो’, तिसरीवर प्रथम ‘भजने’ असे लिहून मग ते खोडून ‘डिस्को’ केलेले. घरातील नातवंडे विचारतात, हे वाजते कशावर? प्रश्न रास्त आहे. कारण ते वाजविणारे यंत्र भंगारवाल्याकडे जाऊन पुष्कळ वर्षे लोटलेली असतात.

१९८० ते १९९० या दहा वर्षांत ज्या पॉप गाण्यांनी तरुणांस वेड लावले, त्यांपैकी बहुतेक गाणी अशा खोक्यांत निजून आहेत. ती अभिजात होती की उथळ, हा वाद त्या काळीही झडला आणि त्याचा निकाल लागला नाही. तथापि ती इतक्या घरांत शिरली कशी, हे समजून घ्यावयाचे तर गाण्याआधी कॅसेटकडे पाहावे लागते. त्या दशकात गाणे कोणी करावे, कोणी विकावे आणि कोणाची उपजीविका त्यावर चालावी, हे या बोटभर जाडीच्या डबीने पुष्कळसे ठरविले.

ज्या शहरात दर श्रावणात दामोदराच्या देवळात चोवीस तास अखंड भजन चालते, त्या शहरास गाण्याची गोडी कॅसेटने लावली असे म्हणणे धाडसाचे होईल. गोडी होतीच. परंतु गाणे घरात आणून ठेवण्याची सोय मात्र थोड्यांनाच होती. ग्रामोफोनची तबकडी महाग, तिचे यंत्र त्याहून महाग. बाकीच्यांनी नभोवाणीवर विसंबावे. पणजी येथील आकाशवाणी केंद्र १९६२ च्या जानेवारीपासून सुरू झाले होते. तेथून कोंकणी, मराठी व पाश्चात्त्य संगीतही लागत असे. आठवड्यातून एकदा अमीन सायानी यांचा आवाज सिलोनवरून येई आणि कोणते गाणे कितव्या पायरीवर चढले ते सांगे. म्हणजे श्रोत्याने ऐकावयाचे, निवडावयाचे मात्र दुसऱ्याने.

वास्को हे बंदराचे गाव. तारवटी, म्हणजे आगबोटीवर नोकरी करणारे खलाशी, येथील अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या होते. पुढे आखाती देशांत गेलेल्यांची त्यांत भर पडली. सुटीवर येणाऱ्याच्या सामानात अत्तराच्या बाटल्या व साबण यांच्या जोडीला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ असे. शेजारपाजारचे लोक प्रथम यंत्र पाहण्यास येत व मग गाणे ऐकत. परदेशी गाणी येथे अशीही पोहोचली: कोणा रसिकाच्या शिफारशीने नव्हे, तर जकातीच्या फळीवरून उतरलेल्या ट्रंकेतून.

ही कॅसेट म्हणजे नेमके काय? नेदरलंड्समधील फिलिप्स कंपनीने लू ओटेन्स या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ती तयार केली व १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. सुमारे पावणेचार मिलिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची फीत, तिच्यावर लोहाच्या प्राणिदाचा, म्हणजे साध्या भाषेत गंजाच्या जातीच्या भुकटीचा, पातळ लेप. यंत्रातील चुंबकाजवळून ही फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकते, आणि आवाजाच्या चढउतारांप्रमाणे लेपातील कण चुंबकित होत जातात. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे नव्वद मीटर फीत गुंडाळलेली असते. तबकडीवर आवाज एकदा कोरला की कोरला. फितीवरचा पुसता येतो आणि तिच्यावर पुन्हा दुसरा भरता येतो. कारखान्याचा हा अधिकार घराघरांत गेला. गावोगावी अशी दुकाने निघाली, की गाण्यांची यादी व कोरी कॅसेट दिली असता संध्याकाळपर्यंत ती भरून मिळे. हे कायद्यात बसत नव्हते, पण त्याची क्षिती फारसे कोणी बाळगीत नसे.

दिल्लीच्या गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एका कलमान्वये, विशिष्ट मुदतीनंतर व ठरीव शुल्क भरून, जुने गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन विकता येत होते. या वाटेने नामवंतांची गाणी अनोळखी कंठांतून स्वस्तात बाजारात आली. रसिक मंडळी हळहळली. त्यांचे हळहळणे समजण्यासारखे आहे. पण ज्या घरात आजवर एकही तबकडी आली नव्हती, त्या घरात प्रथमच संगीत विकत घेतले गेले, हेही विसरता येत नाही.

आता गाण्यांकडे वळू. दशकाच्या आरंभीच, १९८० साली, फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ हा चित्रपट आला. त्यातील ‘आप जैसा कोई’ हे गीत गाणारी नाझिया हसन ही मूळची कराचीची, लंडनमध्ये राहणारी, अवघी पंधरा वर्षांची मुलगी. चाल बांधणारे बिद्दू हे बंगळूरहून इंग्लंडला गेलेले. तोपर्यंत हिंदी चित्रपटातील नायिकेचा आवाज म्हटला की एक विशिष्ट उंच व घोटलेला स्वर कानांस परिचित होता. नाझियाचा आवाज किंचित सानुनासिक, शाळकरी, काहीसा बेफिकीर. १९८१ मध्ये तिला त्या गाण्यासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ‘डिस्को दीवाने’ हा तिचा स्वतंत्र गीतसंग्रह आला. त्यास कोणत्याही चित्रपटाचा आधार नव्हता. चित्रपटावाचून हिंदी गाणे इतके खपते, ही गोष्ट व्यापाऱ्यांना नवी होती. नाझियाचे निधन २००० साली, पस्तिसाव्या वर्षी झाले.

१९८२ मध्ये बप्पी लाहिरी यांच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’ आला आणि पार सोव्हिएत रशियापर्यंत गाजला. डिस्कोची लय मिनिटाला साधारणपणे एकशे वीस ठोक्यांची. झपाझप चालणाऱ्या माणसाची पावले त्याच सुमारास पडतात. प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा, त्यामुळे नाचण्यास शिकवणी लागत नाही. शिवाय ही लय टू-इन-वनच्या लहानशा कर्ण्यातूनही स्पष्ट ऐकू येते. तेथे सारंगीची मींड हरवते, ठोका मात्र हरवत नाही.

पाश्चात्त्य गाण्यांत मायकेल जॅक्सनचा १९८२ चा ‘थ्रिलर’ जगभर पोहोचला, तसा येथेही. परंतु गोव्याच्या लग्नमंडपांत बोनी एम आणि मॉडर्न टॉकिंग या जर्मनीतील दोन मंडळींचे राज्य अधिक टिकले. बोनी एमचे १९७८ सालचे ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलोन’ हे गीत ऐंशीच्या दशकात सर्रास वाजत असे. ते मूळचे जमैकातील, आणि त्याचे शब्द घेतले आहेत बायबलमधील १३७ व्या स्तोत्रातून. शत्रूने धरून नेलेले लोक परक्या देशात नदीकाठी बसून मातृभूमीच्या आठवणीने रडत आहेत, असा त्याचा आशय. वऱ्हाडी मंडळी त्यावर हातात हात घालून नाचत असत. ज्यांचा मुलगा त्या क्षणी मस्कत किंवा कुवेतला होता, अशा आईबापांचे शब्दांकडे लक्ष गेले असते, तर पाय थबकले असते.

त्याच वर्षांत मराठीतही नवे वारे शिरले. १९८७ च्या ‘गंमत जंमत’ या चित्रपटासाठी किशोर कुमार मराठीत गायले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते निवर्तले. आनंद शिंदे यांच्या कॅसेटी बाजारपेठांतून कर्णे लावून वाजत. गोव्यात तेव्हा राजभाषेचा प्रश्न पेटलेला होता, माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कॅसेटच्या दुकानात मात्र कोंकणी कांतारां आणि मराठी भक्तिगीते एकाच फळीवर खेटून उभी असत.

या सर्वांत गोव्याचे म्हणावे असे नाव म्हणजे रेमो फर्नांडिस. शापोरा नदीच्या अलीकडे बार्देशातील शिवोली, पलीकडे पेडण्याचे चोपडे. मधे त्या काळी फेरीबोट. हिंदू व ख्रिस्ती दोन्ही समाज मिळून जेथे जागर करतात, ते हे शिवोली गाव. रेमो येथले. त्यांनी मुंबईस जे. जे. मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेतली, युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती केली आणि गावी परत आले. मुंबईच्या कंपन्यांस त्यांच्या इंग्रजी गाण्यांत स्वारस्य नव्हते. तेव्हा त्यांनी घरातील एका खोलीत, चार पट्ट्यांवर स्वतंत्र मुद्रण करणाऱ्या कॅसेट यंत्रावर, १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह तयार केला.

चार पट्ट्यांचे तंत्र थोडक्यात असे: फितीच्या रुंदीचे चार भाग पाडतात. पहिल्या भागावर गिटार भरावी, फीत मागे न्यावी, ती ऐकत दुसऱ्यावर बासरी भरावी, मग ताल, मग गळा. शेवटी चारही एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावे. एकटा मनुष्य अशा रीतीने संपूर्ण वाद्यवृंद होऊ शकतो, मात्र शेजारचा कुत्रा भुंकू नये एवढीच प्रार्थना त्याने करावी. रेमो यांनी वाद्ये स्वतः वाजविली, स्वर स्वतःचे लावले, वेष्टनाचे चित्र स्वतः काढले आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी नेऊन दिल्या. १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’ मध्ये त्यांनी मादक द्रव्यांविरुद्ध गायिले. गोव्याच्या किनाऱ्यावर हेरॉईनने तरुण मरत होते आणि त्याविषयी उघड बोलणारे थोडे होते. १९८७ मध्ये ‘जलवा’ चित्रपटाने त्यांचा आवाज देशभर नेला. ज्या मुंबईने त्यांस परत पाठविले होते, तीच आता त्यांच्याकडे येऊ लागली. २००७ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी झाले.

येथवर कथा आनंदाची आहे. परंतु याच दशकात गोमंतकीयांच्या संगीतावर एक आघात झाला, आणि तोही यंत्राच्याच हातून.

पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. मेस्त हातात छडी घेऊनच शिकवी, असे जुनी माणसे सांगतात. या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी भरून टाकले. संगीतकाराने चाल गुणगुणावी, आणि कोणते वाद्य कोठे काय वाजवील ते कागदावर उतरवून गोमंतकीय संयोजकाने त्यास देह द्यावा, ही रीत पडली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांच्या लाटांमागे सेबास्टियन डिसोझा यांचा हात आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याजवळ प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांनी ते ऋण मान्य केले. पन्नास-साठ वादक एका दालनात बसून एकदम वाजवीत. एकाचा गज चुकला की पुन्हा आरंभापासून.

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर हा विजेवर चालणारा स्वरमेळ सर्वत्र आला. यामाहा कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या यंत्राने त्याची किंमत व वजन दोन्ही आटोक्यात आणले. एका माणसाने दोन हातांनी वीस व्हायोलिनांचा आभास निर्माण करावा, अशी सोय झाली. यंत्रातील व्हायोलिन खऱ्यासारखे वाजत नाही, हे तेव्हाही सर्वांस कळत होते. पण ते गाडीभाडे मागत नसे आणि जेवणाच्या सुटीसाठी उठत नसे. भरीस भर म्हणून अनेक पट्ट्यांच्या मुद्रणामुळे सर्वांनी एकत्र जमण्याचे कारणच उरले नाही. ते दशक सरता सरता मुंबईतील वाद्यवृंद आकसू लागले आणि पुढील दहा वर्षांत मोठी दालने ओस पडली. व्हायोलिनवर घर चालविणारे कित्येकजण काम नाही म्हणून गावी परतले. कोणी मुलांना शिकविण्यास बसले, कोणी पेटी खुंटीला टांगली. आपला धंदा एका यंत्राने खाल्ला ही खंत त्यांनी बोलून दाखविली, तर तिला उत्तर देणे कठीण आहे. शिवोलीच्या खोलीत एका माणसाला वाद्यवृंद बनविणारी हिकमत आणि मुंबईच्या दालनातून पन्नास माणसांना उठविणारी हिकमत एकाच कुळीची.

माळ्यावरील खोक्याकडे परत यावे. कॅसेटच्या पाठीमागील कडेस प्लॅस्टिकचे दोन लहान दात असतात. ते मोडून टाकले की यंत्र त्या कॅसेटवर नवा आवाज भरू देत नाही. मात्र मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली तर पुन्हा भरता येते, हे प्रत्येक मुलास ठाऊक होते. आणि घरात कॅसेटी केवळ गाण्यांच्या नसत. दूर असलेला बाप पत्र लिहिण्याऐवजी अर्धा तास कॅसेटवर बोलून ती कोणाबरोबर तरी पाठवी. घरची माणसे उलट बाजूवर आपले बोलणे भरून परत पाठवीत. एकदोनदा ऐकून झाल्यावर ती कोऱ्या कॅसेटच्या मोलाची ठरे. मोठ्या मुलाने चिकटपट्टी लावावी आणि रेडिओवरचे नवे गाणे त्यावर भरावे, असे कितीतरी घरांत घडले. पुसलेला आवाज कोणत्याही उपायाने परत येत नाही. परंतु एक गाणे जेथे थांबविले आणि दुसरे जेथून सुरू केले, त्यांच्या मधल्या फटीत जुने बोलणे कधी चारदोन सेकंद तसेच राहून गेलेले असते.

अशा फिती आता चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. कोंकणपट्टीच्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरते, लेप सैल होऊन सुटू लागतो, रिळे एकमेकांस चिकटतात. जुनी कॅसेट एकदम यंत्रात घालू नये. प्रथम ती उघड्या डोळ्यांनी तपासावी. पांढरी बुरशी दिसली तर जाणकाराकडे न्यावी. बुरशी नसेल तर पेन्सिल घालून रीळ हलक्या हाताने फिरवून पाहावे. चांगल्या अवस्थेतील यंत्र मिळवून, त्याची तार संगणकास जोडून, पहिल्याच खेपेस संपूर्ण बाजू उतरवून घ्यावी, गाण्यांमधल्या फटींसकट. कारण जीर्ण फीत दुसऱ्यांदा वाजेलच असे नाही.