जुवावरचा भार

पहाटे ५.००

दिवसाचा पहिला फोन कराडला. डेन्व्हरच्या पूर्वेला ऑरोरात आमच्या दारात अजून अंधार आहे, तिथं दुपारचे साडेचार वाजलेत आणि आबा चहाची कपबशी घेऊन ओट्यावर बसलेत.

"जुपली का गाडी?"

"नाही अजून. उजाडू दे."

"भार नीट टाक. न्हाईतर उलळंल."

आबांनी उभा जन्म ऊस वाहिला. आधी बैलगाडीतून, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून. मी ओढतो ती सतरा फुटांची, एका आखाची, चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, फ्रीज आणि उभ्यानं जेमतेम अंघोळ करता येईल एवढी मोरी. ओढणारी गाडी टोयोटा हायलँडर. अमेरिकेतल्या मराठी वस्तीत दर चार घरांमागे एका दारात दिसते, तीच. ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या पिकअपच्या शेजारी उभी केली की ती बैलाशेजारच्या खोंडासारखी दिसते. मे महिना संपत आलाय. आज चौघांनी ग्रेट सँड ड्यून्सला जायचं आहे, साधारण दोनशे चाळीस मैल, वाटेत डोंगर.

पहाटे ५.३०

उजाडलं. सुरुवात टायरपासून, कारण रबर थंड असतानाच हवेचा खरा आकडा कळतो. ट्रेलरच्या टायरची नक्षी सहसा झिजत नाही. तो उन्हात उभा राहून म्हातारा होतो. म्हणून नक्षीकडे न बघता बाजूवर छापलेला आठवडा आणि साल बघायचं. पाच-सहा वर्षं झाली की बदलायचा, दिसायला कितीही नवा असो.

मग जुंपणी. मीनल मागे उभी राहून हात दाखवते, मी इंचाइंचानं गाडी मागे घेतो. ट्रेलरच्या दांड्याची वाटी हिचच्या गोळ्यावर बसते, खटका लागतो, खटक्यात खीळ जाते. पण खटका लागल्याचा आवाज आला म्हणजे वाटी बसलीच असं नाही. म्हणून जॅकनं दांडा पुन्हा दोन इंच वर उचलायचा. वाटीबरोबर गाडीचं बूडही वर आलं, तर पकड खरी. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या जातात. वाटी निसटलीच तर दांडा रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडावा. एक बारीक तार मात्र साखळ्यांना न अडकवता थेट गाडीला लावायची. ट्रेलर सुटला की ती तार एक पिन ओढून काढते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी त्याचे ब्रेक दाबून धरते. शेवटी सात पिनांचा प्लग. चार पिनांच्या प्लगनं फक्त दिवे लागतात. ब्रेकला वीज जाते ती सात पिनांतून.

सकाळी ६.१५

आता हिशेब. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीवर १,३१० पाउंड, म्हणजे सहाशे किलोंना थोडे कमी. गाडी घेताना आम्ही कुणीही ते वाचलं नव्हतं. वाचला होता तो जाहिरातीतला मोठा आकडा: ही गाडी ५,००० पाउंड ओढते.

ट्रेलर बघायला गेलो तेव्हा विक्रेत्यानं तोच आकडा पुढे केला होता. "तुमची पाच हजार ओढते, हा भरून साडेचार हजार होईल. काळजीच नाही." ओढायचा प्रश्न नव्हताच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यातून गाडीच्या हिचवर यावा लागतो. साडेचार हजारांचे बारा-तेरा टक्के धरले तरी साडेपाचशेच्या आसपास, आणि आमच्या हिचची मर्यादा पाचशे. शिवाय हिचवरचा हा भार गाडीच्या दृष्टीनं सामानच असतो. लेबलावरच्या १,३१० मधून तोही वजा होतो.

आबांना फोनवर हे समजावायला गेलो, तर ते मलाच समजावू लागले. गाडीत ऊस मागे जास्त पडला की जू वर उचललं जातं, गळ्यातली जोतं बैलांना आवळतात, गाडी उलळते. पुढे जास्त पडला की बैलांचे खांदे सोलतात. चांगला गाडीवान मोळ्या रचतानाच जुवाला हात लावून बघतो. इथं हात लावायच्या जागी दांड्याखाली ठेवायचा छोटा वजनकाटा मिळतो. काल रात्री त्यावर ४१० पाउंड आले. चौघांची वजनं ४६५, गाडीतल्या पिशव्या आणि थंड पेटी १२०, टपावरच्या दोन सायकली ६०. बेरीज १,०५५. अडीचशे पाउंड शिल्लक. त्या शिल्लकीवर मी रात्री झोपतो.

सकाळी ६.५५

आय-७० लगतच्या ट्रक थांब्यावर वजनकाटा आहे. अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत आमची वरात उभी राहिली की मागचा ट्रकवाला हसतो, हात करतो. काट्याचे पत्रे वेगवेगळे असतात: गाडीची पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. पोरांनाही आतच बसवायचं, तीही वजनच आहेत. खांबावरचं बटण दाबून सांगायचं, आकडे मिळतात: पुढे २,४८०, मागे २,९८५, ट्रेलरच्या आखावर २,९९०. दांड्यावरचे ४१० धरून ट्रेलर ३,४०० भरला. बारा टक्के. बरोबर.

पण मला त्यातला पहिला आकडा आवडत नाही. ट्रेलर नसताना पुढच्या चाकांवर २,६५० असतात. हिचवर बसलेला भार मागच्या आखाच्याही मागे लटकतो, त्यामुळे गाडीचं नाक उचललं जातं, तराजूच्या दांडीसारखं. १७० पाउंड हलकं झालेलं स्टिअरिंग घेऊन मला घाट उतरायचा आहे. म्हणून वेग ताशी साठ मैलांच्या वर न्यायचा नाही. ट्रेलरचे बरेच टायर पासष्टसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे साठात त्यांचाही जीव सांभाळला जातो.

सकाळी ७.२०

रिकामं पार्किंग. डॅशबोर्डखाली ब्रेक कंट्रोलरची मुठीएवढी डबी आहे. मी गाडीचा ब्रेक दाबला की गाडी किती जोरात मंदावते ते ती ओळखते आणि त्या मापानं ट्रेलरच्या ब्रेकना वीज सोडते. तिथं ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो; तो फिरत्या ड्रमला चिकटू बघतो आणि त्या ओढीनं ब्रेकच्या पट्ट्या दाबल्या जातात. वीज किती सोडायची ते मात्र माणसानं ठरवायचं. वीस मैलांच्या वेगात गाडीच्या ब्रेकवर पाय न ठेवता डबीवरची कळ दाबायची. ट्रेलर मागून खेचतोय असं वाटलं पाहिजे, पण चाकं घासता कामा नयेत. पहिल्या खेपेला टायर किंचाळले. आकडा थोडा खाली. दुसऱ्या खेपेला कुणी तरी मागून सदरा धरावा तशी ओढ लागली. झालं.

अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत ३,००० पाउंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात तर १,५०० पासूनच. आमच्या गाडीचे ब्रेक आमच्या गाडीपुरते आहेत. दीड टन अधिक थांबवायचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सकाळी ८.४०

सी-४७० सोडून २८५ नंबरचा रस्ता डोंगरात शिरतो. बेलीच्या आधी क्रो हिलचा उतार. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा; सुरू झाल्यावर घेऊ म्हणणारा उशीर करतो. "ज्या गिअरनं घाट चढायचा, त्याच गिअरनं उतरायचा" हे मी खंबाटकीत एसटीच्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून ऐकलेलं. इंजिन ओरडतं, काटा चार हजारांवर जातो, पोरं कान झाकतात. ओरडू दे. वेग पन्नासच्या वर गेला की ब्रेक एकदा ठाम दाबून चाळीसवर आणायचा आणि सोडायचा, म्हणजे त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या ब्रेकचा जळका वास त्यांच्या आधी खाली पोचतो.

सकाळी ९.२५

केनोशा पास, दहा हजार फूट. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे जाहिरातीत मोजलेल्या घोड्यांपैकी तीसएक टक्के इथं पोचलेच नाहीत. शेवटचा चढ आम्ही उजव्या लेनमध्ये पस्तीसनं काढला, मागे साचलेल्या गाड्यांना एका जागी थांबून वाट दिली. लाज वाटायचं कारण नाही. उसाच्या गाड्यांमागे अख्खा तालुका थांबतो.

वर उतरून फेरी. ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या तुंब्याजवळ हात. कोमट म्हणजे ठीक. हात मागे घ्यावा लागला तर बेअरिंग सुकलंय किंवा ब्रेक अडकलाय. एक कोमट, दुसरा कोमट. साखळ्या, प्लग, खीळ. मग पोरांना लिमलेट.

सकाळी १०.००

खाली साउथ पार्कचं पठार. झाड नाही, आडोसा नाही, वारा बाजूनं येतो. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मोकळ्या रस्त्यावर ट्रेलरनं मला दिवसा तारे दाखवले होते. पोरांच्या सायकली मी मागच्या बंपरच्या रॅकवर टांगल्या होत्या. पाण्याची टाकी आखाच्या मागे, तीही भरलेली: वीस गॅलन म्हणजे १६७ पाउंड. मोठा ट्रक शेजारून गेला; त्याच्या नाकापुढच्या हवेच्या लोटानं आधी आम्हाला ढकललं, मग तो पुढे सरकला तसं आत ओढलं. आरशात ट्रेलर डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. शेपटीनं कुत्रा हलवायला घेतला होता. मीनल "अरे, ब्रेक!" म्हणाली आणि माझा पायही तिकडेच निघाला होता. गाडीचा ब्रेक दाबला असता तर पुढची गाडी मंदावून मागचं वजन तिच्या बाजूनं फिरून आलं असतं. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डबीवरची ती कळ दाबली. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले, दांडा ताणला गेला, डोलणं विरलं. चार-पाच सेकंद असतील.

घरी आल्यावर तसंच भरून दांडा मोजला. २६० पाउंड, साडेसात टक्के. गाडी उलळली होती. बैलगाडी उलळली तर जागच्या जागी कळतं. हायवेवर ट्रेलर उलळलेला असतानाही पहिले शंभर मैल शहाण्यासारखा येतो.

म्हणून आज सायकली हायलँडरच्या टपावर, टाकी रिकामी, डाळ-तांदूळ, कुकर आणि डबे ट्रेलरच्या पुढच्या कपाटात. ट्रक येताना दिसला की हात घट्ट न आवळता स्थिर ठेवतो. आज तो येतो, ढकलतो, जातो. आरशातला ट्रेलर जागचा हलत नाही.

सकाळी ११.३०

ट्राउट क्रीक पासचा लांब उतार संपवून जॉन्सन व्हिलेजला पेट्रोल. एरवी गॅलनला बावीस मैल देणारी गाडी आज अकरा देते. वजनापेक्षा हा हवेचा दोष: उभी भिंत ओढतोय आपण. धपाटे, दही, पुन्हा एक फेरी, पुन्हा तुंब्याला हात.

दुपारी १.००

पोंचा पास मागे पडला. हायवे १७, फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ. डावीकडे सांग्रे दे क्रिस्तोची बर्फाळ रांग. हूपरजवळ उडत्या तबकड्या बघायचा मनोरा आहे, त्यावर पोरांचा वाद अर्धा तास पुरला.

दुपारी २.१०

पिनियन फ्लॅट्स कॅम्पग्राउंड. इथं ना विजेची जोडणी ना नळाची. पाणी कॅननं आणायचं. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला हवं, त्या बाजूला हात न्यायचा. मीनल मला आरशात दिसेल अशीच उभी राहते. ती दिसेनाशी झाली की मी थांबतो, हा आमचा करार. शेजारचे तीन तंबू आपली कामं सोडून बघत होते. तिसऱ्या खेपेला बसला.

आधी चाकांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे, मग साखळ्या, मग खटका. जॅक फिरवत गेलो. वाटी गोळ्यावरून सुटली आणि हायलँडरचं बूड सावकाश दीड-दोन इंच वर आलं. जू उतरलं की बैल मान झटकतो, तसं.

सायंकाळी ५.००

मेडानो ओढा या दिवसांत टेकड्यांच्या पायाशी घोट्याएवढ्या पाण्यानं वाहतो. तळाची वाळू बांध घालते, फोडते आणि पाणी लाटांनी येतं. समुद्रापासून शेकडो मैलांवर पोरं लाटांची वाट बघत बसली.

रात्री ८.३०

टेकाडावर सिग्नलची एक कांडी मिळाली. आबांना फोटो पाठवला: मागे साडेसातशे फुटी वाळूचे डोंगर, त्यावर शेवटचं ऊन, पुढे आमची खोली आणि तिच्या खिडकीतला दिवा. कराडला सकाळचे आठ. दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ काही नाही. आबा फोटो मोठा करून बघत असणार.

मग उत्तर आलं. "चाकाला दगड लावलास का?"