टर्बो गाडीला नवे भाग बसवताय? मग इंजिनचा हिशेबही नव्याने मांडा



ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आता छोट्या टर्बो गाड्या सर्रास दिसतात. इंजिन हजार-बाराशे सीसीचं, पण घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ सहज चढतं. अशा गाडीला घरातलं कुणीतरी मोठा एअर फिल्टर, रुंद डाउनपाइप किंवा मोठा इंटरकूलर बसवायचं मनावर घेतं. भागांच्या किमतीवर घरात चर्चा होते, पण ते बसवल्यानंतर इंजिन पुन्हा ट्यून करावं लागतं, हा विषय बहुतेक वेळा निघतच नाही. खरा धोका मात्र तिथेच असतो.

आधी टर्बो कसा चालतो ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, तशीच ही दाबलेली हवा तापते. तिला थंड करतो तो इंटरकूलर. दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. तिचं काम कुकरच्या शिट्टीसारखंच. फक्त ती वाफेऐवजी जास्तीचा धूर चक्राला वळसा घालून बाहेर काढते.

या सगळ्याचा हिशेब गाडीतला संगणक ठेवतो. त्याला ईसीयू म्हणतात. साध्या पेट्रोलच्या १ ग्रॅमला पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा किती आली, किती गरम आहे, हे सेन्सर सांगतात. मग किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे ईसीयू आपल्या तक्त्यांवरून ठरवतो. हे तक्ते कंपनीने तिच्याच मूळ भागांसाठी बनवलेले असतात.

आता भाग बदलला की काय होतं? काही गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या नळीत बसवलेला असतो. नळी रुंद केली की तेवढीच हवा सेन्सरजवळून सावकाश जाते. सेन्सरला वाटतं हवा कमी आली, आणि पेट्रोल कमी पडतं. रुंद डाउनपाइपने धुराची वाट मोकळी होते, टर्बो लवकर वेग घेतो आणि वेस्टगेटला दाब आवरेनासा होऊ शकतो. ईसीयू थोडाफार फरक स्वतः सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आतली उष्णता वाढते. मिश्रण वेळेआधी, भलत्या जागी पेट घेतं. याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. ते चालूच राहिलं तर पिस्टन फुटतो, आणि मग खर्च इंजिन उघडण्याचा होतो.

कंपन्या हे कसं करतात, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याजवळ रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात १.३ लिटरचं डिझेल इंजिन बनायचं. टाटाच्या इंडिका व्हिस्टात ते ७५ अश्वशक्तीचं होतं, तर मांझात ९० चं. वाढीव ताकदीसाठी टर्बो वेगळा दिला आणि त्याच्या जोडीला ईसीयूचे तक्तेही वेगळे. नुसता टर्बो बदलून काम भागलं नाही.

ट्यूनिंगचा क्रम असा असावा. आधी गाडीची तब्येत तपासायची: कॉम्प्रेशन, ऑइल, क्लच, हवेच्या नळ्यांची गळती, स्पार्क प्लग. मग ईसीयूमधली मूळ फाइल वाचून जपून ठेवायची. त्यानंतर डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दाब, मिश्रण, हवेचं तापमान आणि नॉकिंग यांच्या नोंदी घ्यायच्या. तक्ते थोडे थोडे बदलायचे आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजायचं. शेवटी रस्त्यावर, मे महिन्याच्या उन्हात आणि शीळ रस्त्याच्या कोंडीतही नोंदी तपासायच्या, कारण गरम हवेत नॉकिंग लवकर होतं. हे होईपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही.

परदेशातून आलेली तयार फाइल इथे जशीच्या तशी चालेलच असं नाही. आपल्या पंपांवरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तितक्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं. १०० ऑक्टेनवर बेतलेली फाइल ठेवून साधं पेट्रोल भरणंही घातक.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा डाउनपाइप तर नकोच. धूर विषारी होतो आणि पीयूसीत गाडी अडकते. कंपनीची वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत, ठाण्यात एमएच ०४ आणि कल्याणात एमएच ०५ च्या कार्यालयात, विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

गॅरेजवाल्या दादांना चार प्रश्न जरूर विचारा. मूळ फाइल आम्हाला देणार का? डायनोच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी कागदावर मिळतील का? कुठल्या पेट्रोलवर ट्यून केलंय? आणि मूळ भाग परत बसवता येतील का? चारही उत्तरं सरळ मिळाली नाहीत, तर गाडी तशीच घरी आणा. गाडी कुणीही चालवो, नोंदणी पुस्तकावर नाव असलेल्याला दंड आणि इंजिनाचा खर्च दोन्ही भरावे लागतात, आणि त्या गाडीत सगळं घर बसतं.