मोरीचा वास व गृहस्थाचें कर्तव्य

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे कर्जत तालुक्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो, आणि कडावसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवीं तिन्हीसांजेला ओट्यावर बसणाऱ्या मंडळींत मोरीच्या वासाची तक्रार हटकून निघते. तक्रार करणारा गृहस्थ बहुधा ग्रामपंचायतीच्या गटाराकडे बोट दाखवितो. पंचायतीचा दोष कधींच नसतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पुष्कळदां ही दुर्गंधी त्याच गृहस्थाच्या न्हाणींत निपजलेली असते.

तिचें कारण गूढ नाहीं. भांड्यांचें खरकटें, फोडणीचें तेल, साबणाचा मळ व केस हीं पाइपाच्या आंतल्या अंगास चिकटून राहतात. जेथें हवा पोहोंचत नाहीं तेथें जंतु हा थर कुजवितात, व त्यांतून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा, नासक्या अंड्यासारख्या वासाचा वायु सुटतो. उष्म्यानें ही क्रिया जोर धरते. त्यांत उन्हाळ्यांत पाणी जपून वापरावें लागतें, त्यामुळें घाण पुढें ढकलली जात नाहीं.

हा वायु घरांत येऊं नये म्हणून पाइपास बाक देऊन त्यांत पाणी अडवून ठेवण्याची युक्ति आहे. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं विलायतेंत शौचकूपाच्या अशा बाकाचें पेटंट घेतलें. आमच्या इकडे मोरीच्या या बाकास ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणी हा आमचा घरगुती शब्द देशभरच्या बांधकामांत रूढ झाला, ही मौजेची गोष्ट होय. त्यांतील पाणी अवघें दोनएक इंच असतें. घर कुलूपबंद राहिलें कीं तें आटतें, आणि वायूस वाट मोकळी होते. मुंबई-कल्याणास राहून इकडील घर सुटींतच उघडणाऱ्यांनीं फिनेल शोधण्यापूर्वीं प्रत्येक मोरींत तांब्या-दोन तांबे पाणी ओतावें. परत जातांना त्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडावें, म्हणजे तें लवकर आटत नाहीं. मोरींत तेल घालण्याचा एवढाच प्रसंग आम्ही क्षम्य मानतों.

राहत्या घरीं उपाय याहून सोपा, पण रोजचा आहे. तव्या-कढईचा ओशटपणा राखेनें वा रद्दी कागदानें पुसून मगच भांडें विसळावें. जाळी उचलून तिच्याखालचा मळ काढावा. आठवड्यांतून एकदां धुण्याच्या सोड्याचें कढत, परंतु उकळतें नव्हे, असें पाणी सोडावें. खानावळवाल्यांनीं व फरसाण तळणाऱ्या दुकानदारांनीं तर तेल अडविणारी लहान टांकी बसविलीच पाहिजे. फिनेल व डांबराच्या गोळ्या वासावर वास चढवितात, मळ जागींच राहतो. ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र ओतणें तर जिवावरचें आहे, कारण त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

आपली मोरी धुऊन सांडपाणी शेजाऱ्याच्या दारांत सोडणाऱ्यास आम्ही स्वच्छ म्हणणार नाहीं. तुंबलेल्या घाण पाण्यांत क्युलेक्स जातीचे डास वाढतात, ज्यांच्या चाव्यानें हत्तीरोग फैलावतो. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघर शोषखड्डे खणून सांडपाणी जमिनींत जिरविलें, उघडीं गटारें नाहींशीं केलीं व डासांचा उपद्रव घालविला. कडावास हें करतां येण्याजोगें आहे. मात्र खड्डा विहिरीपासून दूर असावा, आणि आमच्याकडील मुसळधार पावसाचा लोंढा त्यांत शिरूं देऊं नये.

राहिली ती शौचकूपाच्या टांकीची गोष्ट, व ती सर्वांत गंभीर आहे. टांकी तुंबली म्हणजे पांचसातशें रुपये हातावर ठेवून एखाद्या गरिबास आंत उतरविण्याची रीत अद्याप समूळ गेलेली नाहीं. हायड्रोजन सल्फाइडाचें प्रमाण वाढलें म्हणजे नाकच बधिर होतें. आंतल्या माणसास वास येईनासा होतो, त्यास धोका टळला असें वाटतें, आणि तो जागींच कोसळतो. सुरक्षासाधनांवांचून माणूस असा उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. टांकी उपसण्यास यंत्राची गाडीच बोलवावी. भाडें अधिक पडतें हें खरें. परंतु शेजारच्या चार घरांनीं ती एकाच दिवशीं ठरविली तर खर्च वांटला जातो, व मृगापूर्वीं चौघांच्याही टांक्या मोकळ्या होतात.