डेटाबेस आयात करताना ‘तक्ता अस्तित्वात नाही’ असा संदेश आल्यास

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्ह्यात कुरुवै, सांबा व ताळडी हे भाताचे तीन हंगाम आहेत. मेट्टूर धरणातून १२ जून रोजी पाणी सोडण्याचा प्रघात असल्याने कुरुवैपूर्वी माती परीक्षण, वाण व शेतकरी यांच्या गावनिहाय नोंदी हाताशी असणे आवश्यक ठरते. अशा नोंदींची बॅकअप फाइल नव्या संगणकावरील मायएसक्यूएलमध्ये भरताना त्रुटी क्रमांक ११४६, म्हणजेच ‘तक्ता अस्तित्वात नाही’, हा संदेश येऊ शकतो.

याचा अर्थ नोंदी नष्ट झाल्या असा नव्हे. आज्ञेने मागितलेला तक्ता त्या क्षणी, त्या नावाने, निवडलेल्या डेटाबेसमध्ये नाही, एवढेच संगणक सांगत असतो. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे :

१. आयातीपूर्वी भलताच डेटाबेस निवडला जाणे.

२. फाइलीत केवळ नोंदी असणे. तक्त्यांची रचना घडविणाऱ्या आज्ञा नसणे.

३. क्रम चुकणे. उदा. ‘एडीटी ४३’ वाण पेरणाऱ्या शेतकऱ्यांची यादी दाखविणारा व्ह्यू मूळ तक्त्याआधी तयार करू पाहणे.

४. नावातील इंग्रजी अक्षरांचा भेद. विंडोजवर मायएसक्यूएल तक्त्यांच्या नावांतील लहान व मोठी अक्षरे एकच मानते. लिनक्सवर सामान्यतः ती भिन्न ठरतात.

उपाय करताना सर्वप्रथम पहिल्या त्रुटीचा ओळ क्रमांक टिपावा. नंतरच्या त्रुटी बहुधा तिच्यातूनच उद्भवतात. फाइलीची प्रत उघडून त्या तक्त्याचे नाव शोधावे. रचनेची आज्ञा नसल्यास जुन्या संगणकावरून रचनेसह नवी बॅकअप फाइल घ्यावी. क्रम चुकला असल्यास आधी तक्ते व नंतर व्ह्यू आयात करावेत. नावे सर्वत्र लहान अक्षरांत ठेवणे हिताचे. प्रत्येक प्रयोग रिकाम्या चाचणी डेटाबेसवरच करावा.

त्रुटी ओलांडून पुढे जाण्याचा पर्याय मात्र टाळावा. त्यामुळे फसलेल्या आज्ञा वगळल्या जातात आणि आयात पूर्ण झाल्याचा भास होतो. एखाद्या गावाचे माती परीक्षण अशा रीतीने गळाले, तर तेथील शेतकऱ्यास खतमात्रेची शिफारस अंदाजाने दिली जाईल. म्हणून दोन्ही संगणकांवरील तक्त्यांची व प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या ताडून पाहावी आणि ती जुळेपर्यंत जुन्या संगणकावरील मूळ माहिती पुसू नये.