ड्रम फिरवला की खत मिसळतं का?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, म्हणून आज खताच्या ड्रमबद्दल बोलू.

आमच्या राहू बेटात, म्हणजे मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या पट्ट्यात, ऊस म्हटला की खत आलंच. डीएपी आणि पोटॅश अर्ध्या ड्रममध्ये भरायचं, झाकण लावायचं आणि ड्रम आडवा लोळवायचा. मीही तेच केलं. एका बादलीत लाल पोटॅशच जास्त आलं, पुढचीत डीएपीचे टपोरे दाणे. मग मी ड्रम आणखी लोळवला! तिथंच चुकलो.

आडव्या ड्रममध्ये सगळा माल हलत नाही. वरचा पातळ थर तेवढा उतारावरून घसरतो, खालचा ड्रमबरोबर नुसता वर जातो. घसरताना दाण्यांमध्ये फटी पडतात, बारीक दाणे त्यातून खाली उतरतात आणि मध्येच थांबतात. मोठे दाणे वरून घरंगळत थेट कडेला. दोन-चार फेऱ्यांत मधे बारीक मालाचा गाभा तयार. फिरवतच राहिलात, तर कधी कधी ड्रमच्या लांबीवर बारीक-जाड असे पट्टेही पडतात. जपानमध्ये ओयामा यांनी हे 1939 सालीच नोंदवलं.

स्लॅबच्या मिक्सरला आतून पाती असतात ना, ती माल उचलून आडवातिडवा टाकतात. आपल्या ड्रमला पाती कुठली? त्यामुळं सारख्या आकाराचे दाणे घ्या, नाहीतर दोन्ही खतं वेगवेगळी टाका, बरं का. मी आता वेगवेगळीच टाकतो. एक फेरी वाढते, पण सरीत कुठं काय पडलं ते कळतं.