थुंकीचा रिपोर्ट: सहा आठवड्यांपासून दोन तासांपर्यंत

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. पुढच्या वर्षभरात झील आणि नील्सन यांनी त्याला रंगवायची जी रीत बसवली, ती आजही चालू आहे. काचेच्या पट्टीवर थुंकीचा पातळ थर द्यायचा, त्यावर कार्बोल फुक्सिन ओतून खालून धग द्यायची, मग आम्लाने धुऊन शेवटी मिथिलीन ब्लू लावायचं. बाकी सगळं निळं पडतं, पण क्षयाच्या जंतूचं आवरण मेणचट असल्यामुळे त्यातला लाल रंग आम्लालाही दाद देत नाही. निळ्यावर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसल्या की स्लाइड पॉझिटिव्ह.

तासाभरात होणारी ही स्वस्त तपासणी दोन ठिकाणी मात्र उणी पडते. एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा नजरेला पडत नाहीत. शिवाय लाल काडी दिसली म्हणजे ती क्षयाच्याच जंतूची, असंही नाही. माती-पाण्यात राहणारे त्याचे भाऊबंद, एव्हियम, कॅन्सासी, अ‍ॅब्सेसस, हेही तसेच लाल दिसतात. त्यातल्या अ‍ॅब्सेससवर तर टीबीची नेहमीची औषधं जवळजवळ चालतच नाहीत. लाल काडी बघून औषधं सुरू केली, तर असा रुग्ण महिनोन्‌महिने भलत्याच गोळ्या खात राहतो.

खात्री करायची तर जंतू वाढवायला हवा. अंडं आणि मॅलकाइट ग्रीन घातलेलं हिरवं लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम बाटलीत तिरपं गोठवून त्यावर नमुना पसरायचा. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला जवळपास अख्खा दिवस लागतो. त्यामुळे खरबरीत, पिवळट पांढऱ्या वसाहती दिसायला तीन ते आठ आठवडे जात. त्यानंतर ओळख पटवायची. नायसिन चाचणी, नायट्रेट चाचणी, ६८ अंशांवरची कॅटलेज चाचणी. बाटली उजेडात ठेवल्यावर वसाहत पिवळी झाली तर संशय कॅन्सासीवर. १९५९ मध्ये रनियन यांनी या भाऊबंदांचे चार गट पाडले, तेही रंग आणि वाढीचा वेग पाहूनच. या कामाला नजर लागे, हात लागे, आणि आणखी काही आठवडे लागत.

१९८० च्या दशकात बॅक्टेक यंत्र आलं. द्रव माध्यमातल्या पामिटिक आम्लात किरणोत्सारी कार्बन घातलेला असे. जंतूने ते खाल्लं की बाहेर पडणाऱ्या वायूतून त्याचा पत्ता लागे. आठवड्यांचं काम बऱ्याचदा दोन आठवड्यांवर आलं. पुढे एमजीआयटी नळ्यांनी किरणोत्साराची कटकटही संपवली. नळीतला प्राणवायू जंतूने संपवला की तळाचा रंगद्रव्याचा थर चमकू लागतो.

द्रव माध्यमात भाऊबंदही झपाट्याने वाढतात आणि उपरे जंतूही. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी द्रव माध्यमाची शिफारस केली, तेव्हा जलद ओळख चाचणीही त्याला जोडूनच हवी, असं सांगितलं. या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच चाचणी, आणि तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. गर्भचाचणीसारखी एक पट्टी. नळीतले काही थेंब टाकायचे. क्षयगटाचा, म्हणजे क्षय घडवणाऱ्या जंतूंच्या गटातला, जंतू सोडतो ते एमपीटी ६४ प्रथिन त्यात असेल, तर पंधरा मिनिटांत दुसरी रेघ उमटते. जी ओळख पटायला पूर्वी आठवडे लागत, ती आता नळी चमकल्याच्याच दिवशी पटू लागली.

उशिराची किंमत किती, हे त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी इथं दिसलं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात अतिप्रतिरोधक क्षयाचे ५३ रुग्ण होते. त्यातले ५२ दगावले. थुंकी दिल्यापासून मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ १६ दिवसांचा. औषधांना जंतू दाद देतो की नाही हे कळायला तेव्हा याहून कितीतरी अधिक दिवस लागत. म्हणजे रिपोर्ट यायचा तो माणूस गेल्यावर.

नुसती घाईही घातक ठरली. आपल्याकडे खासगी लॅबमध्ये रक्तातली प्रतिपिंडं बघून टीबी ‘निघत’ असे. झटपट होणारा हा रिपोर्ट वारंवार चुकत असे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नका असं बजावलं आणि २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. हा निर्णय खूप आधी व्हायला हवा होता.

डिसेंबर २०१० मध्ये जीनएक्स्पर्ट यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. काडतुसात नमुना घातला की दोन तासांच्या आत क्षयाचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, ही दोन्ही उत्तरं एकदम. पुढच्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्या नोंदीतल्या ‘पूर्णपणे औषधप्रतिरोधक’ या शब्दावरून बराच वाद झाला, पण जंतूची नीट परीक्षा न करता दिलेली औषधं काय करतात, हे त्यातून साऱ्या देशाला कळलं. २०२० मध्ये ट्रूनॅटला जागतिक मान्यता मिळाली. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे यंत्र बॅटरीवर चालतं. वीज जाते-येते अशा प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येतं, आणि माझ्या लेखी तासांच्या हिशेबापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

भाऊबंदांचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. जीनएक्स्पर्ट काय किंवा ट्रूनॅट काय, त्यांची टीबीची चाचणी क्षयगटाचा जंतू आहे की नाही एवढंच सांगते. स्लाइडवर लाल काड्या दिसतात आणि यंत्र ‘नाही’ म्हणतं, अशा रुग्णाची थुंकी पुन्हा वाढीलाच लावावी लागते. मग लाइन प्रोब ही जनुकपट्टी, जनुकवाचन किंवा प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारं माल्डी-टॉफ यंत्र यांवर नाव ठरतं. माल्डी-टॉफसाठी तर ते मेणचट आवरण आधी बारीक मण्यांबरोबर घुसळून फोडावं लागतं. ही सोय आजही मोठ्या शहरांतल्या मोजक्याच प्रयोगशाळांत आहे.